कुलूप वेगळं, कोयंडा कच्चा

माशाच्या किंवा सिंहाच्या आकाराचं पितळी कुलूप. किल्लीचं भोक कुठे आहे तेच दिसत नाही असं दक्षिणेकडचं कुलूप. बोट टेकवलं की उघडणारं, धक्का लागला की भोंगा वाजवणारं, चार आकडे जुळवून उघडायचं, चकतीसारखं गोल. यांतली काही कुलपं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, उरलेली मोबाइलवरून घरपोच येतात. घेणाऱ्याच्या मनात एकच हिशेब असतो: असलं कुलूप चोरानं कधी पाहिलेलंच नसणार, मग तो ते उघडणार कसं? आणि त्याच मोबाइलवर छंद म्हणून कुलपं उघडणारी माणसंही दिसतात. दोन बारीक पट्ट्यांनी ती मिनिटाभरात कुलूप मोकळं करतात आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

अहिल्यानगरच्या केडगाव उपनगरातल्या भूषणनगर, अंबिकानगर, शाहूनगर या भागांत नवराबायको दोघंही कामावर जाणारी पुष्कळ घरं आहेत. दिवसभर दाराला कुलूप, सुट्टीत गावी गेलं की आठवडाभर कुलूप. वेगळ्या कुलपावर जास्तीचे पैसे घालावेत का, हा या घरांपुढचा खरा प्रश्न आहे.

उत्तर आधीच सांगतो. हो, यांतली बहुतेक कुलपं कसलेला छंदी माणूस उघडू शकतो, आणि पुष्कळदा वेगळं दिसणारं कुलूप एखाद्या साध्या, चांगल्या कुलपापेक्षा लवकर उघडतं. मात्र तुमचं घर सुरक्षित आहे की नाही याच्याशी या उत्तराचा संबंध फार थोडा आहे. घरफोडीच्या बातम्या काढून वाचा. 'बंद घराचे कुलूप तोडून', 'कडी-कोयंडा उचकटून', 'शटर उचकटून' हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. कुलूप हलक्या हातानं उघडून आत शिरल्याची बातमी क्वचितच सापडेल. पैसे कुठे घालायचे हे त्यावरून ठरवायचं आहे.

छंदी माणूस नेमकं काय करतो

आपल्या बाजारातली किल्लीची कुलपं मुख्यतः दोन जातींची. एकात पिना असतात, दुसऱ्यात लिव्हर. पिनांच्या कुलपात मधला गाभा फिरला की कुलूप उघडतं, पण स्प्रिंगनं दाबलेल्या पिनांच्या जोड्या त्याला फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली की प्रत्येक जोडीतला सांधा बरोबर गाभ्याच्या कडेशी येतो आणि वाट मोकळी होते. लिव्हरच्या कुलपात धातूच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. किल्लीचे दात प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलतात, तेव्हाच सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका ओळीत येतात आणि आतली जीभ सरकते. दुकानदार 'सात लिव्हरचं', 'आठ लिव्हरचं' म्हणतो ते या पट्ट्यांवरून.

कागदावर दोन्ही रचना अभेद्य आहेत. अडचण कारखान्यात सुरू होते. कुठलंही यंत्र सगळ्या पिनांची भोकं तंतोतंत एका रेषेत पाडू शकत नाही, कुठे ना कुठे केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे गाभ्याला हलकासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, आधी एकच अडते. कोणती अडली ते सरावलेल्या बोटांना कळतं. ती जागेवर बसवली की दुसरी अडते, मग तिसरी. लिव्हरच्या पट्ट्यांचंही तसंच, फक्त हत्यार वेगळं लागतं. कुलूप महाग होत जातं तसा हा फरक बारीक होत जातो. शिवाय चांगला कारखानदार काही पिनांचा आकार फसवा ठेवतो, म्हणजे पिन जागेवर बसल्याचा खोटा भास होतो. अशा कुलपाला वेळ जास्त लागतो, एवढंच.

हा वेळेचा मुद्दा जगासमोर आला तो १८५१ मध्ये, लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी. अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या कुलूपकारानं इंग्रजांच्या अभिमानाची दोन कुलपं उघडून दाखवली. पहिलं चब कंपनीचं. कुणी खोटी किल्ली घातली की आतला एक भाग अडकून मालकाला खबर देईल अशी जेरेमाया चबची १८१८ ची युक्ती त्यात होती. हॉब्जनं ते २५ मिनिटांत उघडलं, आणि तेसुद्धा त्या खबर देणाऱ्या भागाचाच उपयोग करून. दुसरं ब्रामा कंपनीचं. हे कुलूप दुकानाच्या काचेमागे साठाहून अधिक वर्षं लटकत होतं आणि उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस जाहीर होतं. त्याला हॉब्जला ५१ तास लागले, १६ दिवसांत मिळून. बक्षीस त्याला मिळालं. आणि तरीही ब्रामाचं कुलूप वाईट ठरलं असं मी म्हणणार नाही. कुणाच्या दारात ५१ तास बसून राहणारा चोर अजून जन्माला यायचा आहे.

मोबाइलवरचा माणूस कुलूप उघडतो तेव्हा ते शिकंज्यात घट्ट धरलेलं असतं, वर चांगला उजेड असतो, दोन्ही हात मोकळे असतात. तेच कुलूप त्यानं त्याआधी पुष्कळदा उघडलेलं असू शकतं. तुमच्या दाराचं कुलूप कोयंड्यात लोंबकळतं, अंधार असतो, शेजारचं कुत्रं भुंकतं. हा फरक लक्षात ठेवला तर व्हिडिओ बघून झोप उडायचं कारण राहत नाही.

वेगळ्या कुलपांची एकेक परीक्षा

जुन्या वाड्यांतली जाडजूड कुलपं आधी घेऊ, कारण त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ती विकायला असतात, आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वस्तूंच्या संग्रहात कुलपंही पाहायला मिळतात. बघताना छाती दडपते. पण त्यांतल्या पुष्कळांची रचना अगदी सरळ आहे. दांड्याला जोडलेल्या स्प्रिंगच्या पात्या आत शिरल्या की पसरतात आणि अडकून बसतात. किल्ली त्या पात्या दाबून मिटवते आणि दांडा बाहेर ढकलते. काहींची किल्ली पेचासारखी फिरवत आत न्यावी लागते. रचना ओळखली की हा प्रकार छंदी माणसाला थोड्याच वेळात जमतो. या कुलपांचं मोल कारागिरीचं आहे. पाहुण्यांना दाखवायला ठेवा, दाराला लावू नका.

दक्षिणेतल्या दिंडीगलची कुलपं वेगळ्या जातीची. हातानं घडवलेल्या या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर लपवलेल्या भोकाची आणि चकव्याची कुलपं करण्यात तरबेज. एखादं बटण दाबल्याशिवाय झाकण सरकत नाही, किंवा किल्ली ठरावीक क्रमानंच फिरवावी लागते. अशा कुलपाची सगळी ताकद त्याच्या गुपितात असते. गुपित एकाला कळलं की ते कुलूप त्याच्यापुरतं संपलं, आणि आज एका माणसाला कळलेलं गुपित संध्याकाळपर्यंत व्हिडिओ होऊन हजारोंना कळतं. पण माझं मत विचाराल तर दिंडीगलच्या कुलपाला मी मान देतो. तिथला चांगला कारागीर चकव्याच्या मागे लिव्हरही नीट बसवतो. खेळण्यासारख्या स्वस्त नकलेत तेवढं नसतं. विकत घेताना चकव्यापलीकडे आत काय आहे ते विचारा.

आकड्यांच्या कुलपाचा हिशेब कुणालाही करता येतो. तीन चकत्यांच्या कुलपात १,००० जोडण्या असतात. एकेका जोडणीला तीन सेकंद धरले तरी ५० मिनिटांत सगळ्या तपासून होतात, आणि नशीब असेल तर त्याच्या निम्म्या वेळात. चार चकत्यांच्या १०,०००. पण स्वस्त कुलपात एवढं मोजायचीही गरज नसते, कारण चकत्यांतला ढिलेपणाच योग्य आकडा सांगून जातो. त्यात आपण जन्मवर्ष किंवा गाडीचा नंबर लावतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होते तेव्हा त्यांनी गुप्त कागदपत्रांच्या काही तिजोऱ्या उघडल्या त्या अशाच अंदाजानं. एका सहकाऱ्यानं गणितातल्या एका प्रसिद्ध स्थिरांकाचे आकडे, २७-१८-२८, लावले होते. प्रवासाच्या बॅगेला, सायकलला आकड्यांचं कुलूप चालेल. घराला नको.

बोटाच्या ठशाचं किंवा मोबाइलनं उघडणारं कुलूप हल्ली लग्नात भेट म्हणूनही दिलं जातं. त्याच्यावर पिना-लिव्हर उघडायच्या पट्ट्या चालत नाहीत, हे खरं. म्हणून ते सुरक्षित होतं असं मात्र नाही. २०१८ मध्ये टॅपलॉक नावाच्या बोटाच्या ठशाच्या कुलपाची फार जाहिरात झाली होती. ब्रिटनमधल्या पेन टेस्ट पार्टनर्स या संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवलं की हे कुलूप ब्लूटूथवरून जो पत्ता सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगत असतं, त्याच पत्त्यावरून त्याची डिजिटल किल्ली काढता येते. कुलूप दोन सेकंदांच्या आत उघडलं. त्याच सुमारास आणखी एकानं त्याची पाठच स्क्रूसारखी फिरवून काढून दाखवली. नवं तंत्र बसवताना जुनं पोलाद विसरलं गेलं होतं. वेगळ्या कुलपांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. कारखानदाराचे पैसे आणि लक्ष नावीन्यावर खर्च होतं, आणि शेकडो लोकांनी हाताळून, मोडून पाहिलेल्या जुन्या रचनेत जे दोष केव्हाच निघून गेलेले असतात ते नव्या रचनेत तसेच राहतात.

किल्लीवर दातांऐवजी खड्डे असलेली कुलपं पिनांच्या कुलपांचीच भावंडं आहेत, सरावलेल्याला ती उघडता येतात. भोंग्याचं कुलूप उघडायला अवघड नसतं, पण भोंगा खरोखर उपयोगी आहे. सेल मात्र पावसाळ्याआधी बदला.

राहिली फिरत्या चकत्यांची कुलपं. ही रचना फिनलंडच्या एमिल हेन्रिकसन यांनी १९०७ मध्ये काढली आणि पुढे अब्लॉय या नावानं ती जगभर गेली. आत स्प्रिंगच नसते, किल्ली प्रत्येक चकती ठरावीक कोनात फिरवते. धूळ आणि थंडी ही कुलपं चांगली सोसतात. त्यांच्यासाठी खास हत्यार बनवावं लागतं, आणि वरच्या दर्जाचं कुलूप पटाईत माणसालाही दमवतं. स्वस्त नक्कल मात्र लवकर शरण येते. 'वेगळं' कुलूप घ्यायचंच असेल तर पैसे इथे घाला, आणि नक्कल टाळा.

आपल्याकडच्या लिव्हरच्या कुलपांना कमी लेखू नका, हेही जाता जाता सांगतो. वकिली सोडून आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून इथे चांगलं लिव्हरचं कुलूप मिळत आलं आहे. परदेशी छंदी लोकांचा हात मुख्यतः पिनांवर बसलेला असतो, म्हणून भारतीय लिव्हरचं कुलूप त्यांच्यापैकी अनेकांना 'वेगळं' वाटतं. तेही उघडतं. पण केडगावातल्या घरासाठी माशाच्या आकाराच्या कुलपापेक्षा ते कितीतरी बरं.

चोराची नजर कुठे असते

आता कुलूप बाजूला ठेवा आणि दारापाशी जा. कोयंडा हातानं हलवून पाहा. बहुतेक घरांत तो पातळ पत्र्याचा असतो आणि चार छोट्या स्क्रूंनी चौकटीच्या लाकडात बसवलेला असतो. लाकूड वीस वर्षांचं, पावसानं फुगलेलं. दोन हजारांचं कुलूप अशा कोयंड्यात अडकवलं तर कटावणीच्या एका हिसक्यात कुलूप, कोयंडा आणि स्क्रू एकत्र हातात येतात. कुलूप तसंच बंद राहतं.

म्हणून पहिला खर्च कोयंड्याचा. जाड पोलादी कोयंडा घ्या. बंद केल्यावर त्याचे स्क्रू झाकले गेले पाहिजेत, म्हणजे बाहेरून पेचकस लागणार नाही. स्क्रूंऐवजी दारातून आरपार जाणारे बोल्ट लावून आतून नट आवळा, नटाखाली रुंद वॉशर घाला. चौकटीचं लाकूड पोचट झालं असेल तर सुताराला बोलावून तेवढा भाग बदलून घ्या. हे सगळं मिळून एका महागड्या स्मार्ट कुलपापेक्षा स्वस्त पडतं.

मग कुलूप. दांडा जाड आणि कडक पोलादाचा हवा आणि कुलूप लावल्यावर तो जितका कमी दिसेल तितकं बरं, कारण कटरचा जबडा दांड्यावरच बसतो. गोल चकतीची आणि खांदे वर उचललेली कुलपं इथे खरी उपयोगी ठरतात. त्यांचं वेगळेपण दांडा झाकण्यासाठी आहे. दांडा आत दोन्ही बाजूंनी अडकतो का तेही पाहा. नुसतं दाबलं की बंद होणाऱ्या स्वस्त कुलपात बहुधा एकाच बाजूला स्प्रिंगचा खटका असतो आणि तो किल्लीशिवायही मागे सरकवता येतो. युरोपात पॅडलॉकसाठी ईएन १२३२० हे मानक आहे, त्यात सहा श्रेणी असतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस २७५ आहे. खोक्यावर यांतलं काही छापलं असेल तर वाचा.

दुकानात एक परीक्षा जरूर करा. त्याच कंपनीची, त्याच मापाची तीन-चार कुलपं काढायला सांगा आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लावून पाहा. अगदी स्वस्त कुलपांत किल्ल्यांचे प्रकार इतके थोडे असतात की एकाची दुसऱ्याला लागू शकते. लागली तर तो माल घेऊ नका.

किल्लीचा फोटो कुणाला पाठवू नका, नव्या घराच्या आनंदात किल्ली हातात धरलेला फोटो स्टेटसला ठेवू नका. अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये १९५ फुटांवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीचे दात मोजून दाखवले होते. किल्ली हरवली आणि घरीच चावीवाला बोलावला, तर तो काम करत असताना समोर थांबा. बहुतेक चावीवाले कष्टाळू, प्रामाणिक माणसं असतात, पण कपाटाची किल्ली तयार होईपर्यंत कपाट उघडं टाकून चहा करायला आत जाणं बरं नाही.

आणखी एक गोष्ट केडगावसारख्या हमरस्त्यालगतच्या उपनगरात फार महत्त्वाची आहे. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे 'घरात कुणी नाही' अशी पाटी. पुणे रस्ता जवळ, बाह्यवळण जवळ, म्हणजे चोरी करून निघून जायलाही सोपं. शक्य असेल तर मुख्य दाराला आतून बसणारं, बाहेर फक्त किल्लीचं भोक दिसणारं कुलूप लावा आणि पॅडलॉक फाटकाला ठेवा. विचित्र, चकचकीत कुलूप तर लांबूनच सांगतं की आत काहीतरी जपण्यासारखं आहे.

आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. दाराला कुलूप न लावण्याची तिथली परंपरा देशभर माहीत आहे. जानेवारी २०११ मध्ये यूको बँकेनं तिथे शाखा उघडली तेव्हा त्या परंपरेचा मान ठेवून काचेचं दार ठेवलं आणि रोकड जपण्याची व्यवस्था आतल्या बाजूला केली. २०१५ मध्ये तिथे पोलीस ठाणंही सुरू झालं. बँकेचं काम सुरक्षिततेचं असतं, आणि तिनंही दर्शनी दाराला दिखाऊ कुलूप लावलं नाही. घरातही दागिने आणि कागदपत्रं भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं घट्ट बसवलेल्या छोट्या तिजोरीत ठेवली, तर पुढचं दार फुटलं तरी चोराला आणखी खूप वेळ लागतो. मोकळी ठेवलेली तिजोरी मात्र तो उचलूनच नेतो.

दुकानदारांनी शटरच्या मधल्या कुलपावर विसंबू नये. शटर मधोमध उचकटलं जातं, म्हणून दोन्ही बाजूंना आणि मध्ये अशी तिन्ही कुलपं हवीत. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरपेटीला कितीही भारी कुलूप लावलं तरी केबल बाहेर उघडीच असते. तिथे केबल जमिनीखालून पाइपातून घ्या.

ज्यांना हा छंद लागला आहे

कुलपं उघडायला शिकण्याची इच्छा धरणारी मुलं-मुली आपल्या भागातही आहेत आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. उलट ज्याला कुलूप आतून कळलं तो चांगलं कुलूप ओळखतो. हॉब्जच्या वेळीही आरडाओरड झाली होती की अशानं चोरांना शिकवण मिळेल. त्याचं उत्तर होतं की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते सामान्य गिऱ्हाइकाला. आज जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये या छंदाच्या रीतसर संस्था आहेत, स्पर्धा होतात.

दोन नियम जगभर पाळले जातात. जे कुलूप तुमचं नाही त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आणि जे कुलूप वापरात आहे, मग ते तुमचं स्वतःचं का असेना, त्यावर सराव करायचा नाही. दुसरा नियम नवशिक्याला जाचक वाटतो, पण पिन वाकडी झाली की रात्री अकराला घराबाहेर उभं राहायची वेळ येते.

सुरुवात भंगारातून करा. भंगारवाल्याकडे किल्ली हरवलेली कुलपं किलोनं मिळतात. पावती किंवा निदान एक साधी चिठ्ठी घ्या. आधी कुलूप कापून आत काय आहे ते पाहा, मग दुसरं तसंच उघडायचा प्रयत्न करा. पारदर्शक सरावाची कुलपंही मिळतात, पण ती इतकी ढिली असतात की त्यांवर बसलेला हात खऱ्या कुलपावर चालत नाही.

कायदा नीट समजून घ्या. भारतीय न्याय संहितेत, आणि तिच्या आधी दंडसंहितेतही, गृहभेदन होण्यासाठी कुलूप फोडलंच पाहिजे असं नाही. गुन्हेगारी हेतूनं घरात शिरण्यासाठी ते नुसतं उघडलं तरी पुरतं. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं हत्यार समाधानकारक कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे. म्हणून छंदाची हत्यारं घरातल्या टेबलावर राहू द्या. रात्री दुचाकीच्या डिकीत घेऊन फिरू नका. मित्राला दाखवायची असतील तर दिवसा, घरी बोलवा. घरच्यांना काय करता आहात ते सांगून ठेवा.

शेजारी किल्ली विसरून बाहेर अडकले आणि तुम्हाला हाक मारली, तर आधी चावीवाल्याचा नंबर द्या. ते स्वतःच्याच घराबाहेर उभे आहेत हे तुम्हाला ठाऊक असतं, रस्त्यावरून जाणाऱ्याला ठाऊक नसतं.

जुनं कुलूप, आणि फुटलेलं कुलूप

आजोळच्या वाड्यातलं, किल्ली हरवलेलं कुलूप घरात असेल तर ते हातोडीनं उघडू नका. पितळेला चिंच-लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून घासूही नका, त्यावर चढलेला काळसर थर त्याच्या वयाचा पुरावा असतो. गंज असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकून दोन दिवस ठेवा. जुन्या कुलपांचं काम केलेला कारागीर बहुधा किल्ली नव्यानं घडवू शकतो. रोजच्या पिनांच्या कुलपात मात्र खोबरेल किंवा इंजिनचं तेल ओतू नका, आपल्या कोरड्या उन्हाळ्यातली धूळ त्याला चिकटून पिना अडकतात. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी चालते.

घराचा चोरीचा विमा काढला असेल तर पॉलिसीतली व्याख्या वाचा. पुष्कळ पॉलिसींत बळजबरीनं आत शिरल्याची अट असते, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पॉलिसीत तशी अट असेल तर ती पाळलीच पाहिजे असा निकाल दिला आहे. म्हणजे कुणी कुलूप न फोडता उघडलं आणि मागे काही खूण दिसली नाही, तर दावा अडू शकतो. सामान्य घरमालकाला हलक्या हातानं उघडल्या जाणाऱ्या कुलपाची काळजी करायची असेल तर ती या कारणासाठी करावी. अशी अट नसलेलं संरक्षण विमा एजंटकडे मागून पाहा.

गावाहून परतलात आणि दार उघडं दिसलं, तर आत जाऊ नका, आतला माणूस अजून तिथेच असू शकतो. ११२ ला फोन करा. केडगावचा भाग कोतवाली पोलीस ठाण्याकडे येतो, तक्रार तिथे होईल. खाली पडलेलं कुलूप उचलू नका आणि नंतरही टाकून देऊ नका. ते उघडून भिंगाखाली पाहिलं तर आत किल्लीशिवाय दुसरं काही फिरलं होतं का याचे ओरखडे दिसू शकतात, आणि पोलिसांना व विमा कंपनीला तेच दाखवायचं असतं. नवं कुलूप लावण्याआधी कोयंड्याचा आणि चौकटीचा फोटो काढून ठेवा.